हळदी-कुंकू बदक

गावतळ्यावरील प्रत्येक रानबदक हिवाळ्यापुरते आलेले पाहुणे असते, असा समज मुलांप्रमाणे मोठ्यांतही रूढ आहे. थापट्या, चक्रवाक इत्यादींविषयी तो खरा आहे. हळदी-कुंकू बदक मात्र येथील कायमचे रहिवासी होय. पाणी आटले म्हणजे ते दुसऱ्या तळ्यावर जाते, इतकेच.

याच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे असून बुडाशी, कपाळाच्या दोन्ही अंगांस, एकेक तांबडा ठिपका असतो. शास्त्रीय नावाचा अर्थही ‘ठिपकेदार चोचीचे’ असाच आहे. पण मराठी नाव त्याहून सरस म्हणावे लागेल. दुरून ठिपके ओळखू येत नाहीत. तेव्हा पंखावरील पांढरा पट्टा व नारिंगी-तांबडे पाय पाहावेत. नर व मादी जवळजवळ सारखीच दिसतात. आवाज पाळीव बदकासारखा असतो.

हे बदक अन्नासाठी सहसा बुडी मारीत नाही. शेपूट वर व डोके पाण्यात अशा स्थितीत ते तळाशी असलेली पाणवनस्पती, बी, गोगलगाई व किडे खाते. त्यामुळे उथळ पाणी व गवताळ काठ त्यास आवश्यक असतो. काठ खरवडून उभा केला व तळे खोल झाले की, पाणी भरपूर असूनही हे बदक तेथे टिकत नाही.

आपल्याकडे याची वीण मुख्यतः पावसाळ्यात होते. काठच्या दाट गवतात जमिनीवरच घरटे करून मादी सुमारे सात ते नऊ अंडी घालते. घरट्यास ती स्वतःच्या अंगच्या मऊ पिसांचे अस्तर देते आणि चरावयास जाताना त्याच पिसांनी अंडी झाकते. सुमारे चोवीस दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात व लवकरच आईमागे पाण्यात उतरतात. त्यांस भरवावे लागत नाही. विणीनंतर मोठ्या बदकांची उडण्याची पिसे एकदम गळतात आणि काही आठवडे त्यांस उडता येत नाही. म्हणजे गवतकापणी, गुरांची चराई व मुलांची भटकंती काठावर वाढते, नेमक्या त्याच सुमारास हा पक्षी सर्वांत असहाय असतो.

तळ्याजवळच्या शाळांनी या दिवसांत मुलांस हे बदक दुरूनच दाखवावे. घरट्यापर्यंत गवत तुडविले गेले, तर त्याच वाटेने कुत्रे व मुंगूस तेथे पोहोचतात. अंडी उचलणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही पालकांच्या कानी घालावे.