भूगर्भवायूचे स्वामित्वधन व त्यावरील कर

अमेरिकेत जमिनीखालील खनिजाची मालकी खाजगी असू शकते. ती जमिनीपासून वेगळी करून विकताही येते. त्यामुळे वर नांगर एकाचा व खाली वायू दुसऱ्याचा, असेही घडते. पेनसिल्व्हेनिया राज्यात १९७९ च्या कायद्याने मालकास किमान एक अष्टमांश, म्हणजे १२.५ टक्के, स्वामित्वधन ठरवून दिले. मात्र करारात तशी अट असल्यास शुद्धीकरण व वाहतुकीचा खर्च वजा करून हा हिस्सा काढता येतो, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला. म्हणून वजावटीचे कलम सहीपूर्वी वाचणे अगत्याचे ठरते.

स्वामित्वधन आयकरास पात्र आहे. समजा, वर्षाला १०,००० डॉलर मिळाले. साठा घटत जातो म्हणून केंद्रीय कायदा सामान्यतः १५ टक्के, म्हणजे १,५०० डॉलर, सूट देतो; उरलेले ८,५०० डॉलर करपात्र ठरतात. कंपनी हा कर सहसा आधी कापून घेत नाही. सर्व रक्कम घरबांधणीत घालणाऱ्या शेतकऱ्यावर कर भरण्यासाठी कर्ज काढण्याची पाळी येते. कराचा भाग प्रथम बाजूस काढावा, हाच उपाय होय.

महाराष्ट्रातील स्थिती निराळी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ४८ अन्वये, अन्यथा स्पष्ट तरतूद नसल्यास, खनिजाचा हक्क शासनाचा असतो. केवळ सातबाऱ्यावर नाव असल्याने स्वामित्वधन मिळत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा भेद शेतकऱ्यांस समजावून द्यावा.