सुई, दोरा आणि आहेराची वही

आमच्या घरी लग्नकार्य निघाले की आहेराची वही लिहिण्याचे काम माझ्याकडे येते. यात माझा काही विशेष मान आहे असे नव्हे. आई-वडिलांनी शाळा पाहिलेली नाही, थोरल्या बहिणीची शाळा सातवीनंतर सुटली आणि भराभर लिहिता येणारी अशी घरात मी एकटीच. २०२२ सालच्या वैशाखात बहिणीचे लग्न झाले, तेव्हा मांडवाच्या कडेला टेबल टाकून मी वही लिहीत बसले होते. नाव, गाव, आकडा. कुणाचे ५१, कुणाचे १०१, जवळच्यांचे ५०१. साडी असेल तर साडी, भांडे असेल तर भांडे. त्याचीही अंदाजे किंमत वडील कानात सांगत आणि मी लिही.

एवढ्यात माझी मावशी आली. तिने पिशवीतून क्रोशाने विणलेला टीपॉयचा मोठा रुमाल, चार लहान रुमाल आणि मणी ओवलेले दाराचे तोरण काढून टेबलावर ठेवले. मी विचारले, "मावशी, तुझे किती लिहू?" ती म्हणाली, "माझं काय लिहितीस पोरी, घरचंच हाये ते." वस्तू रुखवतात मांडल्या गेल्या, बायकांनी हात लावून पाहिल्या, वाखाणल्या. वहीत मी मावशीचे नाव लिहिले आणि आकड्याच्या जागी आडवी रेघ ओढली.

आता येत्या वैशाखात मावशीच्या मुलीचे लग्न आहे. कुणी आपल्याला काय दिले होते ते पाहण्यासाठी वडिलांनी वही काढायला सांगितली, कारण वही असते ती त्यासाठीच. मावशीच्या नावापुढची रेघ पाहून ते म्हणाले, "हिचं काहीच दिसत नाही की." आई चुलीपुढून नुसती त्यांच्याकडे पाहत राहिली. प्रस्तुत लेखाचा विषय मला त्या क्षणी सुचला. विणकाम हा काय अभ्यासाचा विषय, असे म्हणून वर्गातल्या मैत्रिणी हसल्या, हेही नमूद करते.

समाजशास्त्राच्या तासाला आम्हाला मार्सेल मॉस या फ्रेंच विद्वानाचा १९२५ सालचा देणगीवरील निबंध सांगण्यात आला. मॉस म्हणतो की, देणगी वरवर ऐच्छिक दिसली तरी तिच्यात तीन बंधने असतात : देण्याचे, घेण्याचे आणि परत देण्याचे. सर हे शिकवीत असताना मला तरी त्यात नवीन काही वाटले नाही. आमच्याकडे त्याला आहेर आणि परतीचा आहेर म्हणतात, आणि तिसरे बंधन विसरले जाऊ नये म्हणून तर वही ठेवतात! प्रश्न असा की, जी देणगी आकड्यात बसत नाही तिची परतफेड कशी करावयाची? की आकडा नाही म्हणून ती झालीच नाही असे धरावयाचे?

मी ठरविले की निदान मोजून तरी पाहावे.

ज्यांना क्रोशाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. 'क्रोशे' या फ्रेंच शब्दाचा अर्थ लहान आकडा. टोकाशी आकडा असलेली एकच सुई आणि दोरा एवढेच साहित्य लागते. दोऱ्याच्या एका फाशातून दुसरा फासा ओढला की साखळी होते; साखळीवर सुई घालून, दोऱ्याचा वेढा घेऊन उंच टाका काढला की खांब होतो; बुटका टाका तो मुका खांब. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात, त्यामुळे एक टाका सुटला की तो खालपर्यंत उतरत जातो. क्रोशात सुईवर बहुधा एकच फासा जिवंत असतो. म्हणून तो अर्धवट टाकून उठता येते. दूध उतू जात असेल, दाराशी कुणी आले असेल, तर फासा थोडा मोठा ओढून ठेवायचा आणि जायचे. घरातल्या बाईच्या हाती हा प्रकार एवढा टिकला, त्याचे एक कारण मला तरी हेच दिसते.

गोल रुमालाचे गणित सरळ आहे. पहिल्या फेरीत १२ खांब घातले की पुढील प्रत्येक फेरीत १२ खांब वाढवायचे. म्हणजे २४, ३६, ४८ असे. एवढे वाढविले तर रुमाल सपाट बसतो. कमी वाढविले तर कडा वर उचलते आणि वाटी होते. बाळाची टोपी याच युक्तीने करतात. जास्त वाढविले तर कडेला झालर पडते. (अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डायना ताइमिन्या या गणिताच्या प्राध्यापिकेने १९९७ साली या झालरीचाच उपयोग करून भूमितीतील एक अवघड पृष्ठभाग विणून दाखविला, कागदाची तशी प्रतिकृती टिकत नव्हती म्हणे. हे मावशीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "झालर तर बिघडलेल्या रुमालाला बी येती.")

मावशीचा मोठा रुमाल ३० फेऱ्यांचा आणि भरीव आहे. पहिल्या फेरीचे १२ आणि शेवटच्या फेरीचे ३६० मिळून ३७२, त्याची पंधरापट, म्हणजे ५,५८० खांब. लहान रुमाल बारा फेऱ्यांचे, प्रत्येकी ९३६ खांब; चारांचे ३,७४४. एकूण ९,३२४. तोरण जाळीचे असल्यामुळे मी ते मोजण्याच्या भानगडीत पडले नाही. मग घड्याळ लावून मावशीजवळ बसले. ती मिनिटाला १८ खांब घालते, तेही बोलत बोलत. या वेगाने ९,३२४ खांबांना आठ तास अडतीस मिनिटे लागतात. मला मिनिटाला सातच जमतात, म्हणजे माझे बावीस तासांच्या वर गेले असते.

हिशेब हातात आल्यावर मी खूष झाले आणि लगेच हिरमुसले. आठ तास अडतीस मिनिटे म्हणजे आमच्या निफाडकडे द्राक्षबागेतला बाईमाणसाचा एक रोज, फार तर थोडा जास्त. त्यात दोऱ्याची किंमत मिळविली तरी ५०१ रुपयांच्या आहेरापुढे तो आकडा काही फार उंच दिसला नसता. म्हणजे रेघेच्या जागी आकडा लिहिला असता तरी मावशीचा आहेर लहानच ठरला असता.

चूक माझ्या मोजण्यात होती. मी बोटे हलण्याचा वेळ मोजला होता. मावशी दिवसभर खळ्यावर कांदा निवडते. हातांना कांद्याचा वास आणि पातीची माती. पांढऱ्या दोऱ्याला डाग पडू नये म्हणून ती रात्री जेवणे झाल्यावर हाताला लिंबाची फोड चोळते, धुते, कोरडे करते आणि मग सुई धरते. कधी पाऊण तास, कधी दहा मिनिटांत डुलकी. झोपेत घातलेली फेरी सकाळी उसवावी लागते. तिला आकडे लिहिता येत नाहीत, म्हणून फेरी संपली की ती एक चिंचोका वाटीत टाकते. एकदा नातवंडाने वाटी उपडी केली, तेव्हा तिने रुमाल दिव्याजवळ धरून बोटाने फेऱ्या मोजून काढल्या. त्या वस्तू दिवाळीनंतर सुरू झाल्या आणि होळीच्या सुमाराला संपल्या. अशा रात्रींचा दर कोणत्या रोजाने लावावा?

आपण सहज म्हणतो, बायका फावल्या वेळात विणतात. या 'फावल्या वेळा'विषयी मला दोन उदाहरणे द्यावीशी वाटतात. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर रोग पडून भीषण दुष्काळ आला, तेव्हा मठांतील जोगिणींनी आणि इतरांनी गरीब बायका-मुलींना क्रोशाची जाळी शिकविली. ती विकून कित्येक घरांत अन्न आले. तेथे हे काम फावल्या वेळाचे नव्हते, पोटाचे होते. दुसरे उदाहरण आपल्या देशातले, आंध्र प्रदेशातील नरसापूरचे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तेथे ही कला आणली आणि पुढे तिचा मोठा व्यापार झाला, माल परदेशी जाऊ लागला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तेथील विणकर स्त्रियांवर लिहिलेले पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. त्यांना असे दिसले की, या बायका रोज कित्येक तास विणीत, परदेशी बाजारासाठी विणीत, तरी त्यांना कामगार कुणी म्हणत नसे. त्या गृहिणी आणि त्यांचे काम रिकाम्या वेळेचा उद्योग, असेच धरले जाई. त्यामुळे मजुरीही तशीच. व्यापार पुरुषांच्या हाती होता.

हे वाचताना मला माझी आडवी रेघ आठवली. मावशीचा माल परदेशी जात नाही, ती तो विकतही नाही. पण तिचा वेळ फुकटचा धरण्याचे काम मीही केलेच होते, आणि तेसुद्धा घरातली शिकलेली मुलगी म्हणून टेबलावर बसून.

वडिलांनी आणि आईने मिळून मावशीच्या मुलीसाठी साडी आणि पितळी कळशी ठरविली. ते योग्यच आहे. पण आहेर मुलीला जातो, मावशीच्या अंगावर काही येत नाही. म्हणून मी तिच्यासाठी बिनबाह्यांचा स्वेटर विणायला घेतला. निफाडची थंडी वाचकांना ठाऊक असेलच. पौषात पहाटे खळ्यावर बसणाऱ्या बाईला पदराचा आडोसा पुरत नाही. लोकर निवडताना मात्र विचार केला. बाजारात मिळणारी बरीचशी 'लोकर' प्रत्यक्षात ॲक्रिलिक असते. ती स्वस्त, धुवायला सोपी आणि तिला कसर लागत नाही. लहान मुलांच्या रोजच्या कपड्यांना चांगली. परंतु विस्तवाजवळ ती वितळते आणि मावशीकडे चूल आहे. म्हणून खरी लोकर घेतली. ती मात्र गरम पाण्यात घालू नये, आटून घट्ट होते. लहान बाळांसाठी विणणाऱ्या मैत्रिणींना येथेच सांगून ठेवते की, मोज्यांना मोठ्या जाळीची वीण नको, बोटे अडकतात. आणि टोपीला मणी किंवा लांब बंद लावू नयेत.

ग्रंथालयातून विणकामाचे एक इंग्रजी पुस्तक आणले. त्यातील संक्षेप शब्दकोशात सापडेनात. मावशीने पुस्तकातले चित्र थोडा वेळ पाहिले आणि सांगितले, "खाली एक सुलट एक उलट, वर सगळं सुलट दिसतंय, म्हंजी मागल्या अंगानं उलट जायचं." मी तीन दिवस जे लावीत होते ते तिने उभ्या उभ्या वाचले. त्या वेळी मला मौज वाटली, आणि थोडा रागही आला.

स्वेटरची छाती ९६ सेंटिमीटर हवी होती. पुस्तकात १० सेंटिमीटरला २० टाके दिले होते, म्हणून मी मागे ९६ आणि पुढे ९६ टाके घालून नेटाने विणीत गेले. आधी हातभर नव्हे, निदान चार बोटे नमुन्याचा तुकडा विणून मोजावा, असे त्याच पानावर लिहिले होते. ते मी केले नाही. माझा हात घट्ट. दहा सेंटिमीटरला माझे २४ टाके बसतात. १९२ टाक्यांत छाती भरली ८० सेंटिमीटर. दीड महिन्याने मावशीच्या गळ्यात तो घातला, तो काखेशीच अडला.

मला वाटले होते ती म्हणेल, राहू दे, पोरीला होईल. तिने तसे म्हटले नाही. तिने शिवण सोडवली, टोक शोधले आणि माझ्यासमोर सगळा स्वेटर उसवला. लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी केली, चार ठिकाणी सैल बांधली, गार पाण्यात भिजवली आणि वळसे निघावेत म्हणून खाली वजन लावून सावलीत टांगली. मी रडवेली झाले होते. ती म्हणाली, "लोकर कुटं गेली का? हाये तेवढीच हाये." मग मला नमुन्याचा तुकडा घालायला बसविले.

या खेपेस मागे ११५ आणि पुढे ११५ टाके घातले आहेत. मागचा भाग पूर्ण झाला. पुढचा भाग काखेपर्यंत आला असून काखेची घट कालपासून सुरू केली आहे. घट कोणत्या फेरीला किती करावयाची ते मी कागदावर लिहून ठेवते, आणि फेरी संपली की वाटीत एक चिंचोका टाकते.