दाराशी उभा असलेला सेवक



रविवारी मिस्सेला येताना आपल्याला सर्वांत आधी कोण भेटते? दाराशी उभा असलेला स्वयंसेवक. जागा दाखवायची, दानाची पिशवी फिरवायची, ख्रिस्तप्रसादाची रांग लावायची, एवढेच त्याचे काम, असे आपण समजतो. पण ही उपासनेतील सेवा आहे का? आज याचा थोडा अभ्यास करू या.

जुन्या करारात मंदिराचे द्वारपाळ नेमलेले असत. पहिला इतिहास, अध्याय ९ मध्ये त्यांची संख्या २१२ दिली आहे. त्यांत कोरहाच्या घराण्यातील लोक होते. स्तोत्र ८४ याच घराण्याच्या नावे आहे. दुर्जनांच्या घरी सुखाने राहण्यापेक्षा देवाच्या घराचा उंबरठा बरा, असा भाव त्यात आहे.

आरंभीच्या ख्रिस्तसभेनेही हे काम जपले. सन २५१ च्या सुमारास पोप कॉर्नेलियस यांनी लिहिलेल्या पत्रात रोममधील सेवकांच्या यादीत द्वारपाळ आहेत. पुढे ते दीक्षेचे पद झाले. बिशप त्यांच्या हाती चर्चच्या किल्ल्या देत. पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली हे पद बंद केले. सेवा मात्र बंद झाली नाही. मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण मार्गदर्शिकेत (क्र. १०५) भाविकांचे दाराशी स्वागत करणारे, त्यांना योग्य जागी नेणारे आणि दान गोळा करणारे यांचा उपासनेतील सेवकांमध्ये समावेश आहे.

या सेवेची खरी कसोटी संत याकोब यांच्या पत्रात (२:१-४) आहे. सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य सभेत येतो, त्याला मानाची जागा मिळते. मळक्या कपड्यांतील गरिबाला उभे राहायला किंवा पायांशी बसायला सांगतात. हा भेदभाव आहे, असे याकोब स्पष्ट बजावतात. म्हणजे माणसाला कोठे बसवावे हा श्रद्धेचा प्रश्न आहे.

आपल्या वसईकडे पाहू या. गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना आपापला बाक ठाऊक असतो. पण नव्या इमारतींत भाड्याने आलेले कुटुंब शेवटच्या खांबाजवळ उभे राहते. कोणी विचारले नाही, तर पुढच्या रविवारी ते दाराबाहेर दिसते आणि त्यानंतर दिसतच नाही. सणाच्या मिस्सेला तर पुढचे बाक 'आपल्या माणसांसाठी' राखले जातात. स्वयंसेवकाने नकार दिला, की ऐकू येते, "मला ओळखत नाहीस का?" बंधूंनो, अशा वेळी त्याची बाजू आपण घ्यायला हवी.

स्वयंसेवकांसाठी काही सूचना:

१. मिस्सेच्या थोडे आधी या. क्षणभर गुडघे टेका, मगच दाराशी उभे राहा.

२. वृद्ध, आजारी व लेकुरवाळ्या मातांना आधी जागा द्या. ज्यांना चालवत नाही, त्यांच्यापर्यंत ख्रिस्तप्रसाद पोहोचेल, याची धर्मगुरूंना आठवण द्या.

३. वाचन चालू असताना कोणी उशिरा आले, तर दाराशी थांबवा. वाचन संपताच आत न्या. डोळे वटारू नका.

४. दानाची पिशवी कोणासमोर रेंगाळू देऊ नका.

५. बाहेर मोटारसायकलवर बसून मिस्सा ऐकणाऱ्या तरुणांना ओरडू नका. "आत जागा आहे, या," असे म्हणा.

संत अल्फान्सस रॉड्रिग्ज हे येशूसंघीय बंधू मायोर्का बेटावरील कॉलेजात अनेक वर्षे दार उघडत होते. दार वाजले, की प्रभूच आला आहे, असे समजून ते जात, असे सांगतात. दाराशी उभे राहूनच ते संत झाले.

येत्या रविवारी आपण प्रत्येकाने एका अनोळखी माणसाला आपल्या बाकावर जागा करून देऊ या. त्या दिवशी स्वयंसेवकाचा बिल्ला आपल्या छातीवर नसेल. सेवा मात्र तीच असेल.