ओढ्याच्या गाळावरून शेताची पारख

समपातळीत ताली घालून दोन-तीन पावसाळे उलटले, तरी गावचा ओढा श्रावणात गढूळच वाहतो, अशी तक्रार ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास पुष्कळदा ऐकावी लागते. तालींचा खर्च वाया गेला, असा निष्कर्ष शेतकरी त्यावरून काढतो. उलट एखाद्या गावी नदीस फारसा गाळ दिसत नाही, म्हणून तेथे धूप होतच नाही अशी समजूत करून घेतली जाते. हे दोन्ही निष्कर्ष फसवे आहेत. ते कसे, हे अमेरिकेतील भूगोलाचे प्राध्यापक स्टॅनली ट्रिंबल यांनी एका लहान नदीच्या खोऱ्यात प्रत्यक्ष मोजमाप करून दाखविले आहे.

ट्रिंबल यांनी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अनेक वर्षे भूगोल शिकविला. मनुष्याने शेती करताना भूमीचे रूप पूर्वी कसे पालटले, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यांचे ज्या खोऱ्यातील काम विशेष गाजले, ते कून क्रीक हे विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्य भागात आहे. क्षेत्र सुमारे ३६० चौरस किलोमीटर. पाणी मिसिसिपी नदीस मिळते. उंच माथे, तीव्र उतार आणि मधोमध सपाट दरी अशी तेथील रचना असून माथ्यावर वाऱ्याने आणून टाकलेली बारीक पोयट्याची माती आहे. अशी माती पिकास उत्तम, पण पाण्याबरोबर सहज वाहणारी.

१८५० नंतर तेथे युरोपातून आलेले लोक वसले. त्यांनी प्रथम गहू केला, पुढे मका आणि दुभती जनावरे आली. शेते चौकोनी आखलेली, त्यामुळे नांगराची तासे उताराला उभी पडत. तीव्र उतारावरील झाडीत गुरे मोकळी चरत, आणि त्यांच्या खुरांनी जमीन इतकी दडपली जाई की पावसाचे पाणी मुरेनासे झाले. ऐंशी वर्षांत उतारावर घळी पडल्या आणि दरीतील सुपीक कुरणे वरून आलेल्या गाळाखाली बुडू लागली. १९३० च्या सुमारास दरीच्या खालच्या भागात काही ठिकाणी वर्षाला सुमारे १५ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा फूट, गाळ साचत होता.

१९३३ साली अमेरिकन सरकारने मृदसंधारणाचे पहिले प्रात्यक्षिक क्षेत्र म्हणून याच खोऱ्याची निवड केली. चारशेंहून अधिक शेतकऱ्यांनी करार केले. समपातळीत नांगरट, मका व गवत यांची आलटून पालटून पट्टापेर, मजगी आणि तीव्र उतारावर चराईबंदी ही कामे झाली. १९३८ साली तज्ज्ञांनी दरी आडवी छेदणाऱ्या रेषांवर जमिनीची उंची मोजून ठेवली. त्या वेळी या कोरड्या आकड्यांचे कोणास फारसे महत्त्व वाटले नसावे.

ट्रिंबल यांनी १९७० नंतर त्या जुन्या रेषा शोधून काढल्या आणि त्याच जागी पुन्हा मोजणी केली. वसाहतीपूर्वीचा काळ ओळखण्यास दरीतील माती हीच वही ठरली. काठ खणला की वर फिकट, थरांथरांचा गाळ लागतो आणि त्याखाली काळीभोर मूळ जमीन दिसते. काळ्या थरापासून वरपर्यंतची उंची म्हणजे नांगर लागल्यापासून साचलेली माती होय.

या सर्वांचा त्यांनी जमाखर्च मांडला. १८५३ ते १९३८ या काळात उतारावरून जी माती सुटली, तीपैकी मिसिसिपीपर्यंत पोचली केवळ सुमारे ५ टक्के. उरलेली उताराच्या पायथ्याशी, नाल्यांच्या तोंडाशी आणि दरीच्या सपाटीवर अडकून राहिली. नदीच्या मुखाशी उभे राहून कोणी धुपीचा अंदाज केला असता, तर शंभरांतील पंचाण्णव भाग त्याच्या दृष्टीस पडलेच नसते.

१९३८ नंतर शेतांवरील धूप पुष्कळ घटली. पाऊस कमी झाला म्हणून नव्हे, तर जमीन वापरण्याची रीत बदलली म्हणून. तरीही मुखाशी बाहेर पडणाऱ्या गाळाचे वार्षिक प्रमाण जवळजवळ पूर्वीइतकेच राहिले. याचे कारण जुन्या साठ्यात आहे. वरून स्वच्छ पाणी येऊ लागल्यावर ओढ्याने आपलाच तळ आणि काठ खणण्यास आरंभ केला. आजोबांच्या काळात साचलेली माती नातवांच्या काळात पुढे सरकू लागली. काम फसले नव्हते. ओढा जुने देणे फेडीत होता. १९९३ पर्यंतची मोजणी जमेस धरली तेव्हा असे आढळले की, १९७५ नंतर दरीत गाळ साचण्याचा वेग १९३० च्या दशकातील वेगाच्या अवघा ६ टक्के उरला होता.

म्हणून तालींची परीक्षा ओढ्याच्या रंगावर न करता शेतातच करावी. तालीच्या वरच्या अंगास दर पावसाळ्यानंतर किती माती अडली, पिकांची मुळे उघडी पडतात काय, बांधाखाली नवी ओघळ पडली काय, हे पाहावे. ओढ्याचे काठ ढासळत असतील, तर तो गाळ शेतातून आला असे न मानता काठावर गवत व झाडे लावून गुरांची वाट बदलावी.

आणि काम सुरू होण्यापूर्वीच ओढ्याच्या दोन्ही काठांवर, पुराच्या रेषेच्या वर, एकेक पक्का दगड रोवावा. दोन्ही दगडांमध्ये दोरी पाणसळीत ताणून दर हातावर दोरीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे, आणि तारखेसह ते ग्रामपंचायतीच्या दप्तरात लिहून ठेवावे. दगडांची जागा जवळच्या विहिरीपासून किंवा देवळापासून किती पावलांवर आहे, हेही त्याच पानावर असावे; मोजणारा पुढचा माणूस दुसराच असेल.