हिट हजारो, गिऱ्हाईक किती?

प्रश्न : सोलापुरात आमचं चादर-टॉवेलचं दुकान आहे. वेबसाइट करून देणारा म्हणतो, महिन्याला ४०,००० हिट येतात. ऑर्डर मात्र चार-पाच. असं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : हिटचा आकडा आधी विसरा. चादरींचे २० फोटो असलेलं एक पान उघडलं की सर्व्हरवर किमान २१ हिट पडतात. पान एक, फोटो वीस. त्यात गूगलसारख्या सर्च इंजिनांचे यंत्रमानवही येऊन जातात. ते काही चादर घेत नाहीत!

मग मोजायचं काय? तुमच्या सोलापूरची गड्ड्याची जत्रा आठवा. एक माणूस दहा स्टॉलसमोर थांबला, तर ते दहा पेज व्ह्यू. त्याची ती फेरी म्हणजे एक सेशन, आणि तो स्वतः एक युजर. गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये ३० मिनिटं हालचाल नसली की सेशन संपतं. मात्र तोच माणूस मोबाइलवरून आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून आला, तर बहुधा दोन युजर मोजले जातात.

बाउन्स रेटही पाहा : दहा सेकंदही न थांबता, दुसरं पान न उघडता, काही न करता परतलेली सेशन किती टक्के, ते त्यात कळतं. तो जास्त असेल तर पहिल्या पानावर भाव आणि माप दिसतंय का, तपासा.

वेबसाइट करून देणाऱ्याकडे हिट नको, युजर आणि ऑर्डर यांचं प्रमाण मागा.