आपली तंबी, त्यांचा तंबी

‘रेक्टरनी तंबी दिली’ या वाक्याचा अर्थ हॉस्टेलमध्ये कुणाला समजावून सांगायची गरज नाही. पण हाच शब्द चेन्नईत कानावर पडला तर घाबरू नका. तमिळमध्ये ‘तंबी’ म्हणजे धाकटा भाऊ! वयाने लहान अशा अनोळखी मुलालाही तिथे ‘तंबी’ म्हणून हाक मारतात.

आता एखादा म्हणेल, घरात सगळे धाकट्यालाच दम देतात, म्हणून हा शब्द पडला असणार. ऐकायला छान, पण साफ चूक.

आपली तंबी अरबीतून फारसीमार्गे मराठीत आली. मूळ शब्द ‘तन्बीह’. अरबीतले बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात. इथे ती व्यंजनं न-ब-ह, आणि अर्थ जागं होणं, सावध होणं. गजराच्या घड्याळाला अरबीत ‘मुनब्बिह’ म्हणतात, तेही याच धातूपासून. म्हणजे तंबी देणं हे मुळात जागं करणं आहे!

तमिळ तंबीचं खानदानच वेगळं. त्याची बहीण ‘तंगै’, म्हणजे धाकटी बहीण. दोन्हींच्या सुरुवातीला ‘तम्’ आहे, अर्थ ‘आपला’.

मग दोन्ही शब्द सारखे झाले कसे? खरी गंमत इथेच आहे. लिहिताना ते सारखे नाहीतच. अरबीत ‘न’ लिहितात, पण पुढच्या ‘ब’साठी ओठ आधीच मिटतात आणि ‘न’चा ‘म’ होतो. मराठीत शेवटचा ‘ह’ गळला. तमिळमध्ये लिहितात ‘तम्पि’. तिथे ‘प’ आणि ‘ब’ला एकच अक्षर आहे आणि ‘म’नंतर त्याचा उच्चार ‘ब’ होतो. दोन वेगळ्या वाटा, स्टेशन एकच.

कधी तर अर्थसुद्धा जुळतो. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या म्बाबाराम भाषेत कुत्र्याला जवळजवळ ‘डॉग’च म्हणत. पण तो इंग्रजी शब्द नव्हे. शेजारच्या यिडिञ भाषेत त्याचं पूर्ण रूप सापडतं, ‘गुडागा’. म्बाबाराममध्ये त्याची सुरुवात झिजून गेली.

म्हणून दोन शब्द सारखे दिसले की लगेच ‘ही भाषा त्या भाषेतूनच निघाली’ असं ठोकून देऊ नये. दोन फोल्डरमध्ये एकाच नावाच्या फाईल असू शकतात. आत काय आहे ते उघडून बघावं लागतं. शब्दाचे नातेवाईक कोण, तो कुठून आला, वाटेत त्याचं काय झालं, हे आधी विचारा. ही माझी तुम्हाला तंबी समजा, हवी त्या अर्थाने!