पाय ओढला म्हणजे काय केले?

मी सहावीत शाळेत आलो तेव्हाची गोष्ट. हाउसमधल्या एका सीनियरने सांगितले, उद्या पीटीला ब्लेझर घालून यायचे. मी घालून गेलो आणि सगळे हसले. तो म्हणाला, "आय वॉज पुलिंग युअर लेग." मराठीत पाय ओढणे म्हणजे दुसऱ्याला पुढे जाऊ न देणे. हा माझ्या वाईटावर आहे असे समजून मी आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही. नंतर इंग्रजीच्या सरांनी अर्थ सांगितला : थट्टा करणे, फिरकी घेणे. तेव्हापासून मी असे वाक्प्रचार वहीत लिहितो. त्यांचे तीन गट पडतात.

१) अवयव तोच, अर्थ तोच : 'शोल्डर टू शोल्डर' म्हणजे खांद्याला खांदा लावून. 'लेंड अ हँड' म्हणजे हातभार लावणे. मात्र 'गिव्ह हिम अ बिग हँड' म्हटले तर टाळ्या वाजवायच्या.

२) अर्थ तोच, अवयव वेगळा : आपण धडा तोंडपाठ करतो, इंग्रजीत तो 'बाय हार्ट' करतात. आपला शब्द ओठांवर येऊन अडतो, त्यांचा जिभेच्या टोकावर, 'ऑन द टिप ऑफ माय टंग'. आपण कानाडोळा करतो, ते 'टर्न अ ब्लाइंड आय' म्हणतात. याच्याशी नेल्सनची गोष्ट जोडतात. त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी 1794 मध्ये कॉर्सिकातल्या लढाईत गेली होती. 1801 मध्ये कोपनहेगनला लढाई थांबवण्याचा सिग्नल आला, तेव्हा त्याने दुर्बीण त्याच डोळ्याला लावली आणि सिग्नल दिसत नाही म्हणाला, असे सांगतात.

३) फसवे : 'अप इन आर्म्स' म्हणजे हात वर करणे नव्हे, तर चिडून विरोधाला उभे राहणे. इथे आर्म्स म्हणजे शस्त्रे. हा शब्द लॅटिनमधून आला. हाताचा 'आर्म' वेगळा. परेडवरचे 'प्रेझेंट आर्म्स' म्हणजे आपले 'सलामी शस्त्र', हे आठवले की चूक होत नाही. 'टो द लाइन' म्हणजे शिस्तीत राहणे. यातला 'टो' म्हणजे पायाचे बोट. गाडी ओढून नेण्याचा 'टो' लिहिला तर मार्क जातात.

एक नियम लक्षात ठेवा. यातले शब्द आपल्या मनाने बदलता येत नाहीत. आयत्या वेळी कच खाणे म्हणजे 'गेट कोल्ड फीट'. तिथे एकच पाय गार पडलेला चालत नाही.

तो सीनियर मागच्या वर्षी पास आउट झाला. जाण्यापूर्वी मी त्याला ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मला वाटलं, तुला घरची आठवण येत होती, म्हणून गप्प होतास." सात दिवस आम्ही दोघेही चुकीचेच समजत होतो. म्हणून सांगतो, शब्द अडला तर त्याच दिवशी विचारा.